सांगून मारलेला ठोसा

सायखेड्याच्या शाळेत गुरुजी हजेरीला नाव पुकारायचे आणि आम्ही पोरं जागेवरूनच ओरडायचो, "हाय गुरुजी!" म्हणजे मी आहे, आलेली आहे, उगाच गैरहजेरी मांडू नका. सहावीपर्यंत माझी हजेरी अशीच लागली. मग वडिलांनी, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, नाशिकच्या द्वारका चौकाजवळ मोटारी भरून द्यायचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायची, असं ते काम. त्यासाठी आम्ही नाशिकला राहायला आलो. नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं असतील. शाळा सुरू होऊन महिना उलटला होता, त्यामुळे सातवी ब मध्ये माझा नंबर सगळ्यात शेवटचा लागला, एकेचाळीस.

शहरात नाव पुकारत नाहीत, नंबर पुकारतात, आणि उत्तर "उपस्थित, सर" असं द्यायचं असतं, हे पहिल्या पाच-सहा नंबरांतच माझ्या लक्षात आलं. माझ्याकडे सरावाला भरपूर वेळ होता. मी मनातल्या मनात उपस्थित, उपस्थित असं घोकत बसले. मधलं जोडाक्षर जिभेवर अडकत होतं. तीस आले, पस्तीस आले. सर म्हणाले, "एकेचाळीस." मी ताडकन उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हाय, सर!"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "हॅलो!" आणि अख्खा वर्ग फुटला. सरही हसले. "अरे वा, इंग्लिश मीडियममधून आलीस का?" असं त्यांनी विचारलं. मुलं हसली ते मी केव्हाच विसरले असते, मुलं हसतातच. सरांच्या हसण्याचा राग मात्र मला आज चाळिशी ओलांडल्यावरही येतो. मोठ्या माणसाला हाय म्हणजे काय ते नक्की माहीत होतं.

त्या दिवसापासून माझं नाव हॅलो पडलं. वर्गात एक मॉनिटर होती. उंच, खो-खोच्या संघातली, दोन घट्ट वेण्या घालणारी. तास रिकामा असला की ती फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावं लिहायची, आणि मी बडबड केली नाही तरी यादीत शेवटी "हॅलो" असायचंच. मी उत्तर द्यायला उठले की चार-पाच जण मूठ कानाला लावून रिसीव्हर धरल्यासारखं करायचे. उत्तर चुकलं की "राँग नंबर!" जिन्यावरून उतरताना पाठीत धक्का बसायचा आणि मागून आवाज यायचा, "हॅलो, लाइन क्लिअर करा." माझ्या बाकावर कुणीतरी कर्कटकानं टेलिफोन कोरला होता. चांगला कोरला होता, तबकडीवरचे आकडेसुद्धा होते. चिडवायला इतकी मेहनत घेणारी माणसं मी पुढे नोकरीतही पाहिली नाहीत.

मी बोलायचं बंद केलं. अगदीच वेळ आली तर, तोंडातून हाय किंवा नाय निघू नये म्हणून, "आहे" आणि "नाही" टाळून वाक्यं रचायची. कधीतरी दिवसभर असं मराठी बोलून बघा. "वही आणली नाही" हे सांगायला मला "वही घरी राहिली" अशी पळवाट शोधावी लागायची. पळवाटा शोधता शोधता माझं मराठी सुधारलं असणार, पण त्याबद्दल मी त्या वर्गाचे आभार मानणार नाही.

घरी मात्र माझं तोंड सुटायचं, आणि ते आईवर सुटायचं. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "भाकर झाली हाय, ये जेवायला." मी म्हणायची, "हाय नाही गं, आहे." "बरं बाई, आहे. आता गिळतीस का?" ती हसायची. तिला ती गंमत वाटायची, शाळेत जाणाऱ्या पोरीचं शहाणपण वाटायचं. मला त्यात गंमत वाटत नव्हती. आमच्या चाळवजा इमारतीत सगळ्या भिंती पातळ होत्या आणि आईचा आवाज सायखेड्याच्या वावरातून बांधावर पोचायच्या मापाचा होता. ती गॅलरीतून "लय ऊन पडलंय" म्हणाली तरी मला वाटायचं, हे मॉनिटरच्या घरापर्यंत ऐकू गेलं.

एकदा जिन्यावरचा धक्का जरा जोरात बसला आणि गुडघा फुटला. आईनं हळद लावता लावता सगळं काढून घेतलं. फक्त कशावरून चिडवतात ते मी सांगितलं नाही. गावाकडची म्हणून, एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "हसतील त्याचे दात दिसतील." मग फुटलेल्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, "पन ढकलनाऱ्याचं काय करायचं ते बघाया लागंल."

भाजीबाजाराच्या वाटेवर विजेच्या खांबाला कराटेच्या क्लासचा पत्रा टांगलेला होता. आईला वाचायला वेळ लागायचा, पण त्यावर एक मुलगी लाथ उंच करून उभी असलेलं चित्र होतं, तेवढं तिला पुरलं. नाना म्हणाले, "पोरीनं हातपाय चालवले तर उद्या स्थळं कशी यायची?" आई म्हणाली, "स्थळं यायला लय टाइम हाय. तवर तिला जिन्यावरनं कोनी ढकलू नये." नाना दिवसभर मोटारींशी डोकं लावून दमलेले असायचे. त्यांनी वाद वाढवला नाही.

क्लास म्हणजे महापालिकेच्या एका शाळेचा हॉल, संध्याकाळी साडेपाच ते सात. शहाबादी फरशी, खिडक्यांना काचा अर्ध्याच. शिकवणारे सर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी संपवून, थोडं झोपून यायचे. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक मशीननं नेलेलं, त्यामुळे त्यांची मूठ एका बाजूला बसकी दिसायची. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "कुणाला मारायचंय?" मी मान हलवली. म्हणजे हो की नाही ते मलाही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "सहा महिने थांब. तोवर उभं राहायला शीक."

खरंच सहा महिने उभंच राहिलो. गुडघे वाकवून, पाय रोवून, मूठ कमरेला. मुठीत अंगठा बाहेर ठेवायचा, आत घेतला तर स्वतःचाच मोडतो. मोजणी जपानीत असायची. इच, नी, सान, शी. शी आलं की लहान मुलं खिदळायची. सर म्हणायचे, "कुणाला शीला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या. पट्टा काळा झाला तरी चाराला शीच म्हणायचंय." मग सगळे हसायचे, सरही, मीसुद्धा. त्या हॉलमध्ये डॉक्टरांचा मुलगा होता, वकिलांच्या दोन मुली होत्या, आणि जपानी शब्द म्हणताना प्रत्येकाची जीभ अडखळत होती. जपानी भाषेत आम्ही सगळेच खेडवळ होतो. मला तिथे जे हलकं वाटायचं त्याचं कारण तेव्हा सांगता आलं नसतं, पण ते हेच होतं.

ठोसा मारताना ओरडायचं असतं. पोटातून, एका दमात. त्याला किआई म्हणतात. सातवी ब नं माझा आवाज इतका आत ढकलला होता की माझी पहिली किआई उचकीसारखी आली. सर रागावले नाहीत. म्हणाले, "गावाकडची ना तू? बांधावरून हाक मारतात तशी मार." मी डोळे मिटले आणि आईची हाक आठवली. तशी हाक मारली. बाहेर रस्त्यावर एक सायकलवाला थांबून खिडकीतून आत बघायला लागला. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यावर मोठ्यानं गाणं म्हटलं होतं.

कराटेचा पांढरा ड्रेस आईनं मांजरपाटाचा शिवला. तिनं शेजारणीच्या मुलाचा ड्रेस आणून, तो उलटासुलटा करून, माप घेतलं होतं. ड्रेस अंगाला नीट बसला, पण एक घोटाळा झाला. विकतच्या जाड कापडाच्या ड्रेसची बाही ठोसा मारताना फाट् असा आवाज करायची. माझी बाही गप्प. मी आईपाशी कुरकुर केली. तिनं विचारलं, "आवाज पायजे व्हय?" आणि पुढच्या वेळेपासून ती ड्रेसला भाताच्या पेजेची खळ घालायला लागली. दर शनिवारी ड्रेस बादलीत, मग पेजेत, मग गॅलरीत कडक उन्हात. वाळला की पापडासारखा उभा राहायचा. पहिल्या दिवशी माझ्या बाहीचा आवाज सगळ्या हॉलमध्ये ऐकू गेला. सर म्हणाले, "कुठून घेतलास?" मी म्हणाले, "आईनं केलाय." शहरात आल्यापासून मी आईचं नाव अभिमानानं घेतलं ते हे पहिल्यांदाच, आणि बरेच दिवस तेच शेवटचं राहिलं.

मग जोडीचा सराव सुरू झाला. त्यात एक नियम होता. मारायच्या आधी कुठे मारणार ते मोठ्यानं सांगायचं. तोंडावर मारणार असलो तर "जोदान", खाली लाथ घालणार असलो तर "गेदान". समोरचा ते ऐकतो, हात उचलतो, अडवतो. मग पाळी उलटी. सर सांगायचे, "सांगून मारायचं. न सांगता मारतो तो गुंड." आम्हाला ते खेळातल्या नियमासारखं वाटायचं. मला तो फार आवडायचा. शाळेत येणारे धक्के सगळे पाठीमागून यायचे, इथे माणूस समोर उभा राहून सांगत होता की आता येतोय बघ. आठवीत जाईपर्यंत माझं अडवणं इतकं पक्कं झालं की झोपेत कुणी जोदान म्हटलं असतं तरी हात वर गेला असता. पिवळ्या पट्ट्याची परीक्षा जवळ आली होती.

आठवी ब मध्येही तीच मॉनिटर, तोच हॅलो. पण मी आता जिन्यावर भिंतीच्या कडेनं चालायची आणि पाठ भिंतीला ठेवायची. ढकलणं जवळजवळ थांबलं होतं. शब्द चालूच होते. शब्दांना अडवायचा हात सरांनी शिकवला नव्हता.

एक दिवस मी डबा घरी विसरले. मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीपाशी उभी होते, आणि फाटकातून आई येताना दिसली. पदर खोचलेला, हातात कापडी पिशवीत डबा, पायात घरातल्याच सपाता. चालत आली होती. तिनं समोर दिसलेल्या पहिल्याच मुलीला विचारलं, "बाई, आठवी ब कुढं हाय?"

ती मुलगी मॉनिटर होती.

"हॅलो!" मॉनिटर म्हणाली. आईला वाटलं, पोरगी नमस्कार करतेय. ती हसली आणि म्हणाली, "माझी लेक हाय गं त्या वर्गात. डब्बा राहिला तिचा." एव्हाना आजूबाजूला सात-आठ जणी जमल्या होत्या. कुणीतरी मूठ कानाला लावली. मॉनिटरनं फार नम्रपणे डबा घेतला. "देते हां काकू. लय भूक लागली आसंल तिला." आई तिला "शानी गं माझी बाई" म्हणाली, तिच्या गालावरून हात फिरवला आणि परत गेली.

मी टाकीच्या मागे होते. आई फाटकाबाहेर जाईपर्यंत मी तिथून हलले नाही. हे मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. पुढे क्लासमधल्या मुलींना मी हा प्रसंग सांगायची तेव्हा त्यात टाकी नसायचीच.

आई दिसेनाशी झाल्यावर मी पुढे झाले. मॉनिटरनं डबा माझ्यापुढे धरला आणि आईच्या आवाजात, अगदी हेल काढून म्हणाली, "घे गं माये, डब्बा हाय." नक्कल हुबेहूब होती. सगळ्या हसल्या. मी पाय रोवले, मूठ कमरेला घेतली आणि पोटातून ओरडले, "जोदान!"

"काय?" ती म्हणाली. "कोण जोदान?"

तिचा हात खालीच होता. माझा ठोसा तिच्या नाकावर बसला. डबा फरशीवर पडून उघडला, आणि ती खाली बसली. तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर रक्त उतरलं. मला एवढंच आठवतं की मी पुढच्या पवित्र्यात उभी होते, तिच्या उलट्या ठोशाची वाट बघत. आता तिची पाळी होती ना! ती रडत होती.

आईसाठी मारलं, असं सगळ्यांना वाटलं. वर्गात माझ्याबद्दल एकदम आदर पसरला. मलाही ते सोयीचं वाटलं. पण आईची नक्कल केली म्हणून मला राग आला होता का? खरं सांगायचं तर मला राग आला होता तो आई आली याचा. ती आली, तिनं तोंड उघडलं, आणि मी वर्षभर जे झाकून ठेवलं होतं ते भर पटांगणात उघडं पडलं. तो ठोसा आईवरच्या रागाचा होता. नाक तेवढं मॉनिटरचं होतं.

संध्याकाळी मी क्लासला छाती काढून गेले. सरांना सगळं सांगितलं. टाकी सोडून. "आणि सर, मी सांगून मारलं," असंही म्हणाले. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

सरांनी विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

"जोदान."

"तिला आपली भाषा येते का?"

सर हळूच बोलत होते, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "जिला भाषा कळत नाही तिला सांगितलंस तर काय सांगितलंस? ते न सांगणंच झालं. वर आणि तुला वाटतंय, आपण नियम पाळला." त्यांनी माझी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा एक वर्ष पुढे ढकलली. हॉलमध्ये सगळ्यांसमोर रागावले नाहीत, पण महिनाभर मला ठोसा मारू दिला नाही. समोर जोडीदार, तो मारणार, मी फक्त अडवायचं. मला ते अन्यायाचं वाटलं. मी घरी येऊन ड्रेस कोपऱ्यात फेकला. आईनं तो उचलून पाण्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी आईला बोलावलं. आमच्या शाळेत मुख्याध्यापिकांना मोठ्या बाई म्हणायचे. त्यांच्या खोलीत मॉनिटर होती, नाकावर चिकटपट्टी. तिची आई होती, नीट पिन लावलेली साडी, मांडीवर पर्स. वर्गशिक्षक होते, तेच ते, पहिल्या दिवशी हसलेले. मोठ्या बाई म्हणाल्या, "टाळी एका हातानं वाजत नाही हे मलाही कळतं. पण रक्त काढायचं म्हणजे काय?"

आई खुर्चीच्या टोकाला बसली होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदा अशा खोलीत तोंड उघडलं असेल. पण ती घाबरलेली नव्हती. ती आधी मॉनिटरकडे वळली. "लय लागलं का गं बाई तुला?" मग मोठ्या बाईंना म्हणाली, "बाई, मारलं ते चुकलंच तिचं. म्या तिच्या वतीनं माफी मागते. पन माझी पोर मारकुटी नाय. तिला वरीसभर कोनीतरी तरास देतंय. जिन्यावरनं ढकलली तव्हा गुडघा फुटला व्हता. आमी तव्हा आलो नाय तुमच्याकडं, ती आमची चूक. पन तिनं काय करायला पायजे व्हतं ते तुमी सांगा."

इतकं सरळ माझ्या बाजूनं त्या शाळेत कुणीच कधी बोललं नव्हतं. मोठ्या बाई चष्मा काढून ऐकत होत्या. मॉनिटरची आई मुलीकडे बघायला लागली होती. आणि वर्गशिक्षकांच्या ओठांच्या कोपऱ्यात मला ते जुनं हसू दिसलं. कदाचित नसेलही, कदाचित मलाच दिसलं असेल.

मी आईच्या दंडाला हात लावला आणि म्हणाले, "आई, नाय नाही. नाही म्हण."

हळू म्हणाले असं मला वाटलं होतं. खोली लहान होती, सगळ्यांनी ऐकलं.

आई थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी तिला सगळं कळलं असावं, कशावरून चिडवतात, कोण चिडवतं, आणि त्यात आता कोण सामील झालंय. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "बोला ना तुम्ही." आई म्हणाली, "झालं. एवढंच... आहे." आणि उरलेला वेळ ती गप्प बसली. मोठ्या बाईंनी मॉनिटरलाही समज दिली, मला दोन दिवस वर्गाबाहेर बसवलं, प्रकरण मिटलं. द्वारकेपर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत तिनं मला उसाचा रस पाजला. स्वतः घेतला नाही.

शाळेत त्यानंतर मला कुणी हॅलो म्हटलं नाही. मॉनिटर फळ्यावर माझं खरं नाव लिहायला लागली. लोक मला घाबरतात याचा मला आनंद व्हायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. महिना-दोन महिने झाल्यावर लक्षात आलं की घाबरणारे लोक डब्याला जवळ बोलावत नाहीत. मॉनिटर आणि मी नववीत एका बाकावर आलो. आम्ही एकमेकींची माफी कधीच मागितली नाही. भूमितीच्या वह्या मात्र एकमेकींना दिल्या, आणि दहावीपर्यंत बऱ्यापैकी पटलं.

पिवळा पट्टा वर्षानं मिळाला, मग पुढचे मिळत गेले. दोन हजार सालानंतर सरांनी हॉल माझ्याकडे सोपवला, मीच मुलींची बॅच घ्यायला लागले. चिडवल्या जाणाऱ्या मुली माझ्याकडे यायच्या. कुणी जाडी म्हणून, कुणी काळी म्हणून, एक पेठकडच्या डोंगरातून आलेली, तिच्या बोलण्यात तिकडच्या कोकणा आदिवासी बोलीचा सूर होता म्हणून. मी त्यांना उभं राहायला शिकवलं, अडवायला शिकवलं, आणि मोठ्या बाईंकडे जाऊन आधी तक्रार करायलाही शिकवलं. त्या पेठच्या मुलीला मी सांगायची, तुझी बोली सोडू नकोस गं. फार ठासून सांगायची. तिला माझं कौतुक वाटायचं.

आणि घरी माझी आई स्वच्छ, धुतल्या तांदळासारखं मराठी बोलायला लागली होती. हे एका दिवसात झालं नाही, त्यामुळे माझ्या ध्यानातच आलं नाही. "भाकरी झाली आहे." "बाहेर ऊन आहे, छत्री घे." आवाजही लहान झाला होता, खोलीपुरता. ओळखीचे म्हणायचे, तुमची आई किती हळू बोलते. मला वाटायचं, शहरात राहून माणूस बदलतो, चालायचंच. ती पूर्वीपेक्षा कमी बोलते हेही मी वयावर घातलं.

मग घरात मोबाइल आला. एका दुपारी मी क्लासच्या कामासाठी लवकर घरी आले. दार उघडंच होतं. आतून कुणीतरी बाई मोठमोठ्यानं बोलत, हसत होती. "आगं व्हय! आन् मंग काय म्हनली ती? लय बेरकी हाय गं तुझी सून!" मला वाटलं, सायखेड्याहून मावशी आली. मी चपला काढून आत गेले. मावशी नव्हती. आई एकटीच गॅलरीत वेताच्या मोढ्यावर बसली होती, फोन कानाला, पदर खांद्यावरून ओघळलेला, हसून हसून डोळ्यांत पाणी. हा आवाज मी किती वर्षांनी ऐकत होते! मी दारातच उभी राहिले, आणि तेवढ्यात तिनं मला पाहिलं.

तिनं पदर सावरला. "हो, ती आली आहे," ती फोनमध्ये म्हणाली. "नंतर बोलते मी. ठेवते." आणि माझ्याकडे वळून, "चहा टाकू का?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "आई, आत्ता फोनवर बोलत होतीस तसं माझ्याशी बोल ना." ती म्हणाली, "तसं म्हणजे कसं?" मला वाटलं, आपणच सुरुवात करावी. शिकवण्यापेक्षा करून दाखवावं, सर नेहमी सांगायचे. सहावीपर्यंत मी ज्या बोलीत वाढले ती काही कुणी पुसून टाकलेली नव्हती, आत कुठेतरी असणारच. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "आये, लय दिस झालं गं... मला लय..."

पुढे शब्द सुचेनात. आणि जे आले होते ते मला ऐकू आले. हेल चुकीच्या जागी, "लय" जरा जास्तच लांब. पटांगणात, हातात डबा धरून, मॉनिटरनं काढला होता अगदी तोच आवाज. मला दुसरा येतच नव्हता.

आईनं आपला हात सोडवून घेतला नाही. ती हसलीसुद्धा, घरी आलेल्या पाहुण्यांसमोर हसते तशी.

"चिडवतेस का गं मला?" तिनं विचारलं.